आवळण्याचे माप

प्रस्तावना

गियरच्या सायकलीचे मागचे चाक उजव्या बाजूने पाहिले, तर त्याच्या मध्याशी दातेरी चक्रांची एक उतरंड दिसते. घरात मडक्यांची उतरंड रचतात, तशीच ही रचना असते. सर्वांत मोठे चक्र आत, आऱ्यांच्या बाजूला; सर्वांत लहान चक्र बाहेर. या संचाला कॅसेट म्हणतात. उतरंडीच्या टोकाला धातूची एक लहान, आटेदार चकती बसवलेली असते. तिचे नाव लॉकरिंग. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढीच ही वस्तू. परंतु आठ, नऊ, कधी अकरा-बारा चक्रे एकमेकांना बिलगून राहतात, ती तिच्यामुळेच.

ही चकती नेमकी किती घट्ट आवळावी, हा या पाठाचा विषय आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि अनेक वर्षे सायकली दुरुस्त करणाऱ्या कारागिराचाही हात येथे फसतो. अज्ञान हे त्याचे कारण नसून दुसऱ्या प्रकारच्या कामात मुरलेला अनुभव हे त्याचे कारण असते.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला फ्रीव्हील आणि कॅसेट यांतील फरक सांगता येईल, लॉकरिंग आवळण्याची कृती योग्य क्रमाने लिहिता येईल आणि कारागिरीच्या मराठी भाषेतील काही शब्दांचा नेमका अर्थ स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

साध्या सायकलीची सवय

भारतातील रस्त्यांवर ज्या साध्या, बिनगियरच्या सायकली पिढ्यान्पिढ्या धावल्या, त्यांच्या मागच्या चाकावर एकच दातेरी चक्र असते. त्याला फ्रीव्हील म्हणतात. स्वाराने पाय थांबवले तरी चाक फिरत राहावे, यासाठी लागणारी सारी यंत्रणा, म्हणजे बारीक छर्रे आणि स्प्रिंगच्या जोराने उचलल्या जाणाऱ्या खिट्या, त्याच्या पोटातच असते. हे फ्रीव्हील हबवरच्या आट्यांवर फिरवून बसवतात. बसवताना फार ताकद लागत नाही. स्वार पायडल मारतो तेव्हा साखळी फ्रीव्हीलला ज्या दिशेने ओढते, त्याच दिशेने त्याचे आटे आवळले जातात. पहिल्या चढावरच ते पक्के बसते. वर्षानुवर्षे चाललेले फ्रीव्हील काढताना मात्र लांब पाना लागतो आणि चाक धरायला बहुधा दुसरा माणूसही लागतो.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. लुधियाना हे देशातील सायकल उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे. अशा शहरांतच नव्हे, तर गावोगावच्या छोट्या दुकानांतील कारागिरांच्या हातालाही हेच वळण लागलेले आहे : बसवताना हलका हात, काढताना जोर. साध्या सायकलीच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे.

कॅसेटची गोष्ट वेगळी. तेथे चक्रे आट्यांवर बसत नाहीत. हबला जोडलेल्या एका नळकांड्यावर, ज्याला फ्रीहब म्हणतात, लांबट खाचा असतात आणि प्रत्येक चक्र त्या खाचांतून सरकवून बसवायचे असते. साखळीची ओढ या खाचा पेलतात. चक्रांनी बाहेरच्या बाजूस सरकू नये, एवढेच काम लॉकरिंगकडे उरते. पण त्यामुळेच पायडलचा जोर लॉकरिंगला कधीही आवळत नाही. ती बसवणाऱ्याने जेवढी घट्ट केली तेवढीच घट्ट राहते. हलक्या हाताने बसवलेले फ्रीव्हील रस्ता घट्ट करून देतो. हलक्या हाताने बसवलेली लॉकरिंग कोणीही घट्ट करून देत नाही.

ही रचना कोठून आली?

जपानमध्ये ओसाकाजवळ साकाई नावाचे शहर आहे. धारदार सुऱ्या आणि पुढे बंदुका घडवणाऱ्या कारागिरांसाठी ते प्रसिद्ध होते. धातूचे बारीक काम जाणणाऱ्या याच हातांकडे पुढे सायकलींची दुरुस्ती आणि सुटे भाग यांचे काम आले. या शहरात १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी एक लहान कारखाना सुरू केला. त्याचे पहिले उत्पादन फ्रीव्हील हेच होते. त्याच शिमानो कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहब बाजारात आणला. कल्पना त्याआधीचीही होती. तिला सर्वत्र स्थान मिळाले ते यानंतर.

कारण साधे होते. गियर वाढले तशी हबवर आट्यांनी बसणारी चक्रांची रास रुंद होत गेली आणि उजवीकडचे छर्रे त्या राशीच्या आत, चाकाच्या मध्याकडे राहिले. आधाराबाहेर राहिलेला आसाचा भाग लांबला. खड्ड्यांतून जाताना असे आस वाकत, कधी मोडत. फ्रीहबमध्ये छर्रे बाहेरच्या टोकापर्यंत नेता आले आणि आसाला शेवटपर्यंत आधार मिळाला.

आरंभीच्या कॅसेटमध्ये लॉकरिंग नव्हती, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घ्यावी. सर्वांत लहान चक्रालाच आटे असत आणि तेच इतरांना दाबून धरी. साहजिकच पायडल मारले की ते आपोआप आवळले जाई. म्हणजे फ्रीव्हीलची जुनी सोय येथपर्यंत टिकून होती. १९८९ च्या सुमारास हायपरग्लाइड नावाची चक्रे आली. त्यांत लहान चक्रही खाचांतून सरकणारे झाले आणि दाबून धरण्यासाठी वेगळी लॉकरिंग आली. कॅसेट काढणे त्यामुळे पुष्कळ सोपे झाले. तथापि घट्टपणाची जबाबदारी साखळीकडून निघून माणसाच्या हातात आली.

आधी ओळख, मग हत्यार

गियर दिसले म्हणजे कॅसेट असेलच, असे नाही. कमी किमतीच्या कित्येक गियर सायकलींवर आजही आट्यांनी बसणारे, अनेक चक्रांचे फ्रीव्हीलच असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चाक सायकलीतून काढावे आणि चक्रे उलट दिशेने फिरवावीत. हत्यार अडकवण्याच्या मधल्या खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट. त्या जागच्या जागी स्थिर राहिल्या तर ते फ्रीव्हील. ही परीक्षा न करता हत्यार लावणाऱ्याची बरीच ताकद व्यर्थ जाते.

लॉकरिंगचे हत्यार म्हणजे बाहेरून खाचा असलेली एक जाड नळी. शिमानो पद्धतीच्या हत्याराला अशा बारा खाचा असतात. ती लॉकरिंगच्या आत बसते आणि तिच्या बाहेरच्या टोकाला पाना लागतो. चक्रे धरून ठेवण्यासाठी साखळीचा तुकडा जोडलेला एक दांडाही मिळतो. त्याला चेन व्हिप म्हणतात. तो फक्त काढताना लागतो. लॉकरिंग सोडवताना फिरवण्याची दिशा उलट असते, त्या दिशेने फ्रीहब मोकळा फिरतो आणि म्हणून चक्रे धरावी लागतात. आवळताना दिशा घड्याळाच्या काट्यांची असते, म्हणजे पायडल मारताना चक्रे ज्या दिशेने ओढली जातात तीच. फ्रीहबमधील खिट्या तेव्हा अडकतात आणि चाक धरले की पुरते. आवळण्यासाठी चेन व्हिप शोधत बसणारा नवशिका अनेकदा दिसतो. तो शोध अनावश्यक आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) पायडल मारल्याने फ्रीव्हील घट्ट होते, लॉकरिंग का होत नाही?
(आ) चेन व्हिप केव्हा लागते?

बोटांचे काम

फ्रीहबच्या खाचा कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसाव्यात आणि त्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. खाचांपैकी एक इतरांहून वेगळ्या रुंदीची असते. प्रत्येक चक्रावरही तशीच जागा असते. त्यामुळे चक्र एकाच स्थितीत आत जाते. ते जात नसेल तर ठोकू नये. फिरवून जागा शोधावी. चक्रांमधल्या पातळ कड्या मूळ क्रमानेच आल्या पाहिजेत. काढतानाच सर्व भाग एका तारेत ओवून ठेवण्याची जुन्या कारागिरांची पद्धत या ठिकाणी फार उपयोगी पडते.

नंतर लॉकरिंग. तिचे आटे अतिशय बारीक असतात आणि ती पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते. थोडी जरी तिरकी बसली, तरी आट्यांवर आटे चढतात. म्हणून हत्यार बाजूला ठेवून सुरुवात बोटांनी करावी. लॉकरिंग जागेवर ठेवून प्रथम किंचित उलटी फिरवावी. आट्याचे टोक आट्याखाली उतरले की बोटांना बारीकसा टक् असा धक्का जाणवतो. तेथून सरळ दिशेने वळवावे. दोन-तीन फेरे बोटांनी सहज झाले, तर बसणी सरळ आहे असे समजावे. अडखळली, तर काढून पुन्हा बसवावी. येथे घालवलेला अर्धा मिनिट फ्रीहबची किंमत वाचवतो.

आणखी एक बारकावा. सर्वांत लहान चक्राला अकरा दाते असतील तर लॉकरिंग लहान घेराची हवी. बारा दात्यांच्या चक्राची मोठी लॉकरिंग अकरा दात्यांवर बसवली, तर तिची कड साखळीच्या वाटेत येते.

आवाज

आता खरा प्रसंग येतो. हत्यार बसवून पाना फिरवू लागताच थोड्याच वेळात कडकड असा आवाज सुरू होतो. काही तरी मोडते आहे, आटे तुटत आहेत, असे वाटावे इतका तो कर्कश असतो. बहुतेक जण येथे थांबतात.

वस्तुतः काहीही मोडत नसते. लॉकरिंगच्या आतल्या तोंडावर बारीक करवती दाते असतात आणि लहान चक्राच्या बाहेरच्या तोंडावरही तसेच दाते असतात. दोन्ही तोंडे एकमेकांवर दाबली गेली की दात्यांवरून दाते घसरतात आणि प्रत्येक घसरणीला एक कड् असा आवाज होतो. धक्क्यांनी लॉकरिंग उलटी फिरू नये, यासाठीच हे दाते केलेले असतात. म्हणजे हा आवाज काम बिघडल्याचा नसून काम सुरू झाल्याचा आहे. मराठीत ‘हात राखून काम करणे’ असा एक वाक्प्रचार आहे. या आवाजाला भिऊन जो थांबतो, तो नकळत हात राखून आवळतो, आणि आपण मात्र घट्ट आवळले या समजुतीत चाक परत देतो.

त्याचे परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाहीत. काही दिवसांनी चक्रे किंचित डुलू लागतात. गियर बदलताना साखळी चाचपडते. सैल चक्रे फ्रीहबच्या खाचांना कुरतडतात. फ्रीहब ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर खोल व्रण पडतात. लॉकरिंग आणखी सुटली, तर साखळी लहान चक्र आणि सायकलीचा सांगाडा यांमध्ये अडकू शकते. चढावर, उभे राहून पायडल मारणाऱ्याच्या पायाखालचा आधार अशा वेळी एकाएकी नाहीसा होतो. पाठीवर सामान आणि मागे वाहने असताना ही गोष्ट किती महाग पडेल, हे सांगण्याची गरज नाही.

आकड्याचा अर्थ

मग किती आवळावे? शिमानो आणि तिच्याशी जुळणाऱ्या बहुतेक बनावटींसाठी चाळीस न्यूटन-मीटर हे माप मानले जाते. अनेक लॉकरिंगांवर आवळण्याच्या दिशेचा बाण आणि हा ४० चा आकडा कोरलेलाच असतो. निर्मात्याच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळावा.

न्यूटन-मीटर हे पिळाचे माप आहे. पाना किती जोराने ओढला आणि मध्यापासून किती अंतरावर धरून ओढला, यांचा तो गुणाकार. एक किलोग्रॅम वजन हातात धरले, तर हाताला सुमारे ९.८ न्यूटन इतका जोर जाणवतो. आता पाना मध्यापासून २५ सेंटीमीटरवर, म्हणजे पाव मीटरवर धरला आहे असे समजा. चाळीस न्यूटन-मीटर होण्यासाठी तेथे १६० न्यूटन जोर हवा. म्हणजे सोळा किलोंहून थोडे अधिक. हीच पकड ४० सेंटीमीटरवर नेली, तर सुमारे दहा किलो पुरतात. उलट २० सेंटीमीटरच्या आखूड पान्याला वीस किलोंहून अधिक जोर लागतो. ‘चांगले घट्ट’ या शब्दांत जो अर्थ मावत नाही, तो या हिशेबात आहे. एकाच माणसाने एकाच मनःपूर्वकतेने आवळलेल्या दोन लॉकरिंगा केवळ पान्याच्या लांबीमुळे एक सैल आणि एक अतिघट्ट होऊ शकतात.

हे माप दाखवणारा टॉर्क पाना मिळतो. त्यावर आकडा लावून ठेवला की ठरलेल्या जोराला तो खट् करतो आणि हाताला क्षणभर सैल झाल्यासारखा वाटतो. करवती दात्यांच्या कडकडाटात तो खट् कानाला वेगळा कळेलच असे नाही. म्हणून येथे कानापेक्षा हातावर लक्ष ठेवावे. पहिल्या खट् नंतर थांबावे. खात्रीसाठी पुन्हापुन्हा ओढत राहिल्यास माप ओलांडले जाते.

टॉर्क पाना नसेल तर सामान तोलण्याचा साधा स्प्रिंग काटाही काम करतो. चाक उभे करून कॅसेट स्वतःकडे घ्यावी. पाना डावीकडे, जमिनीशी समांतर ठेवावा. आसाच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटीमीटरवर काट्याचा आकडा अडकवावा आणि काटा सरळ वर ओढावा. सोबत्याने चाक डाव्या कडेशी धरून खाली दाबून ठेवावे. काटा सोळा किलो दाखवीपर्यंत पाना फिरू द्यावा, मात्र पाना आणि काटा यांत काटकोन राहील याची काळजी घ्यावी. पाना वर वळला तर हत्यार काढून पुन्हा आडवे लावावे. असे दहा-बारा वेळा केले की त्या जोराची आठवण हातात राहते. मग पाना तोच असेल तर हाताचा अंदाजही विश्वासार्ह ठरतो.

जोर कमी पडू नये, तसा तो अतिही होऊ नये. लांब नळी चढवून पाना ओढला, तर बारीक आटे कापले जातात. कारागिरांच्या भाषेत ‘आटे गेले’. लॉकरिंग स्वस्त असते. फ्रीहबचे आटे गेले तर तो बदलावा लागतो.

घट्ट, तरीही सैल

कधी माप बरोबर भरते आणि तरीही चक्रे हाताने हलवली की खुळखुळतात. येथे आणखी जोर लावणे चुकीचे आहे. लॉकरिंग चक्रांना दाबण्याऐवजी फ्रीहबच्या टोकाला जाऊन भिडलेली असते. याचे कारण बहुधा मागे राहून गेलेली एखादी कडी. अकरा गियरच्या रस्ता-सायकलींचा फ्रीहब आधीच्यापेक्षा १.८५ मिलिमीटरने लांब असतो. त्यावर आठ, नऊ किंवा दहा गियरची कॅसेट बसवायची, तर तेवढ्याच जाडीची कडी सर्वांत आत घालावी लागते. शिमानोच्या दहा गियरच्या पुष्कळ कॅसेटना याव्यतिरिक्त एक मिलिमीटरची पातळ कडी लागते. जुन्या कॅसेटबरोबर ती काढली जाते आणि पुसण्याच्या फडक्यात हरवते. म्हणून आवळल्यानंतर मोठे आणि लहान अशी दोन्ही चक्रे चिमटीत धरून हलवून पाहावीत. संपूर्ण कॅसेट फ्रीहबसह किंचित डुलली, तर तो फ्रीहबच्या छऱ्यांचा प्रश्न आहे. चक्रे एकमेकांत वाजली, तरच तो लॉकरिंगचा.

भाषाभ्यास

सैल वस्तू घट्ट करणे म्हणजे आवळणे. नट, दोरी, पट्टा ही सर्व आवळली जातात. पिळणे म्हणजे एक टोक धरून दुसरे फिरवणे. कपडे पिळतात, कान पिळतात. लॉकरिंग आवळावी, असे म्हटले जाते. ढिला, सैल आणि खुळखुळा हे शब्दही एकच नव्हेत. सैल वस्तू हलते, खुळखुळी वस्तू हलताना वाजते. दुकानात ग्राहक जो शब्द वापरतो, त्यावरून बिघाडाचा निम्मा पत्ता लागतो.

शब्दार्थ

उतरंड – एकावर एक रचलेल्या मडक्यांची रास
आटे – नट, स्क्रू यांवरील गोल फिरत जाणारी खाच
आस – चाक ज्याभोवती फिरते तो दांडा
छर्रे – पोलादाच्या बारीक गोळ्या
करवती – करवतीच्या दात्यांसारखा

पाठगत प्रश्न २
(अ) आवळताना होणारी कडकड कशामुळे होते?
(आ) पाना ५० सेंटीमीटरवर धरला, तर चाळीस न्यूटन-मीटरसाठी किती न्यूटन जोर लागेल?

स्वाध्याय

१. ‘एका कामातील अनुभव दुसऱ्या कामात फसवू शकतो.’ पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. ‘हात राखणे’, ‘हात बसणे’, ‘हात आखडता घेणे’ या वाक्प्रचारांचे अर्थ लिहून वाक्यांत उपयोग करा.
३. लॉकरिंग बोटांनी बसवण्याची कृती ‘-आवे, -आवी’ ही रूपे वापरून पाच वाक्यांत लिहा.
४. तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील एखाद्या कामात अंदाजाऐवजी माप वापरले जाते का? असे एक काम निवडून त्याची कृती न पाहिलेल्या माणसाला समजेल अशी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) साखळीची ओढ फ्रीहबच्या खाचा पेलतात. ती लॉकरिंगपर्यंत पोहोचत नाही. (आ) लॉकरिंग सोडवताना.
२. (अ) लॉकरिंग आणि लहान चक्र यांच्या तोंडांवरील करवती दाते एकमेकांवरून घसरल्यामुळे. (आ) ८० न्यूटन.